अपंगत्व हक्कांवर जाहीर व्याख्यान ठेवताय? आधी कामाचा क्रम नीट लावा

अपंगत्व आणि सामाजिक न्याय यावर व्याख्यान ठेवायचं ठरलं की बहुतेक मंडळी एकाच वाटेने जातात. आधी वक्ता पकडायचा, मग त्याच्या सोयीची तारीख, मग त्या तारखेला मिळेल तो हॉल, मग पोस्टर, आणि कार्यक्रमाला चार दिवस उरले की कोणीतरी विचारतं, अहो व्हीलचेअरवरून येणारे आत कसे येणार, आणि कर्णबधिर लोकांसाठी काय केलंय आपण? तेव्हा काहीही करता येत नाही. पैसे संपलेले असतात, इंटरप्रिटर, म्हणजे भाषण साइन लँग्वेजमध्ये (हातांच्या खुणांच्या भाषेत) सांगणारे, दुसरीकडे बुक झालेले असतात, आणि शेवटी हक्कांवरचं भाषण ज्यांच्या हक्कांबद्दल आहे तेच बाहेर राहतात.

मी अशा बऱ्याच कार्यक्रमांच्या तयारीत राहिलेय आणि खरं सांगते, जवळजवळ कुठेच कोणाची नियत वाईट नव्हती. क्रम उलटा होता. म्हणून खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलंय ज्या क्रमाने ते करायला हवं. मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे.

## १. आधी माणसं आणि पैसा (साधारण तीन महिने आधी)

आयोजन करणाऱ्या टीममध्ये अपंगत्व असलेली माणसं पहिल्या मीटिंगपासून हवीत. सल्ला विचारायला नंतर एक फोन केला, असं नाही. निर्णय घेणाऱ्यांत हवीत. ‘आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नको’ ही घोषणा जगभरच्या अपंग हक्क चळवळीत दिली जाते, ती पोस्टरवर छापण्याआधी स्वतःच्या कमिटीला लावून बघा.

आणि एकच माणूस घेऊन थांबू नका. व्हीलचेअर वापरणाऱ्याला स्क्रीन रीडरच्या (फोन-कॉम्प्युटरवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) अडचणी माहीत असतीलच असं नाही, अंध माणसाला इंटरप्रिटर कुठे उभा राहायला हवा ते माहीत असेलच असं नाही. किमान दोन-तीन वेगवेगळे अनुभव असलेले लोक हवेत, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या, हे काम फुकट मागायचं नसतं.

मग बजेट. सोयींचा खर्च ‘इतर’ मध्ये टाकू नका, वेगळ्या ओळी करा: इंटरप्रिटर दोन, कॅप्शन (बोललेलं लगेच स्क्रीनवर लिहून दाखवणं), रॅम्प लागलाच तर भाड्याने, ज्यांना गरज आहे त्यांचा प्रवासखर्च, ब्रेल किंवा मोठ्या अक्षरातल्या प्रती. या ओळी आधी भरा आणि उरलेल्यात सजावट, फ्लेक्स, स्मृतिचिन्हं बसवा. उलटं केलं की कात्री लागते ती नेहमी इंटरप्रिटरला, आणि ते कोणाला खटकतही नाही कारण ज्याला खटकेल तो मीटिंगमध्ये नसतो.

तपासणी: इंटरप्रिटर आणि कॅप्शनचे पैसे बाजूला काढून झालेत का? नसतील तर तारीख ठरवायला बसू नका.

## २. विषय छोटा करा

‘अपंगत्व आणि समाज’ हा विषय होऊ शकत नाही, त्यात सगळं येतं आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. एका तासात एकच प्रश्न नीट उलगडतो. उदाहरणार्थ संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार, जो २००६ मध्ये संमत झाला आणि २००८ पासून लागू आहे, त्यातलं एकच कलम घ्या. कलम १२ म्हणजे स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा कायदेशीर हक्क, कलम १९ म्हणजे संस्थेत न राहता समाजात स्वतंत्र राहण्याचा हक्क. यातल्या प्रत्येकावर अख्खं व्याख्यान होतं.

शीर्षक ठरवताना एक चूक हमखास होते, ‘अंधारावर मात’, ‘जिद्दीची कहाणी’, ‘अपंगत्वावर विजय’. असं शीर्षक दिलं की लोक टाळ्या वाजवायला येतात, प्रश्न घेऊन कोणी येत नाही. डिसॅबिलिटी स्टडीज म्हणजे कोणाच्या धैर्याचं कौतुक करायचा तास नाही. अडथळा शरीरात आहे की इमारतीत, नियमात, शाळेच्या दारात आहे, हे तपासणारा हा अभ्यास आहे. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी १९७६ सालीच हा फरक लेखी मांडला होता, शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने घातलेली बंधनं वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या कार्यकर्त्या स्टेला यंग यांनी २०१४ च्या भाषणात तर स्पष्टच म्हटलं की अपंग माणसाला नुसतं प्रेरणास्थान करून ठेवणं म्हणजे त्याला वस्तू बनवणं आहे. तुमचं शीर्षक या कसोटीवर टिकतं का बघा.

शब्दांचंही आत्ताच ठरवा. मराठीत अपंग, विकलांग, दिव्यांग, विशेष गरजा असलेले असे बरेच शब्द फिरतात आणि चळवळीतल्या लोकांचं सगळ्या शब्दांवर एकमत नाही. दिव्यांग हा शब्द कित्येकांना अजिबात आवडत नाही, काही जण आवर्जून तोच वापरतात. वक्त्याला विचारा, कमिटीतल्या लोकांना विचारा, मग पोस्टर, निवेदन, परिचय सगळीकडे तेच ठेवा. ‘मूकबधिर’ मात्र सरसकट वापरू नका, कर्णबधिर माणसं मुकी नसतात, त्यांना भाषा असते.

## ३. हॉल: स्वतः जा, फोनवर विश्वास ठेवू नका

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

एका हॉलवाल्यांनी आम्हाला फोनवर सांगितलं की रॅम्प आहे. गेलो तर रॅम्प होता, पण मागच्या बाजूला, सामान चढवायचा, इतका उभा की दोन माणसं मागून ढकलायला लागतील, आणि वर पोचल्यावर जे दार होतं त्याला कुलूप. त्यांच्या लेखी ते खोटं बोललेच नव्हते. तेव्हापासून मी मेजरिंग टेप घेऊन जाते आणि शक्यतो सोबत व्हीलचेअर वापरणारी मैत्रीण असते, ती पार्किंगपासून स्टेजपर्यंत प्रत्यक्ष जाऊन बघते.

काय मोजायचं ते सांगते.

रॅम्पचा उतार १ ला १२ च्या आत हवा, म्हणजे १ सेंटिमीटर उंचीसाठी १२ सेंटिमीटर लांबी. साध्या १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असल्या तर उंची झाली ४५ आणि रॅम्प लागला ५४० सेंटिमीटर, जवळजवळ साडेपाच मीटर. म्हणून ‘एक फळी टाकून देऊ की’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, फळीवरून माणूस मागे उलटतो. आणि ‘आम्ही चार जण उचलून नेऊ’ हे तर अजिबातच नको. उचलण्यात माणूस पडतो, चेअर मोडते, आणि ज्याला उचलतात त्याला सगळ्यांसमोर सामानासारखं वाटतं, इलेक्ट्रिक चेअर तर उचलणं शक्यच नसतं इतकी जड असते.

दाराची मोकळी रुंदी मोजा, दार पूर्ण उघडून, चौकट ते दाराची कड. ८० सेंटिमीटरच्या वर हवी, ९० मिळाली तर उत्तम. व्हीलचेअर वळायला साधारण १५० सेंटिमीटरचं मोकळं वर्तुळ लागतं, लिफ्टच्या समोर, टॉयलेटच्या आत आणि स्टेजवरसुद्धा.

टॉयलेट उघडून बघा. दारावर पाटी असते आणि आत झाडू, बादल्या, मोडक्या खुर्च्या भरलेल्या असतात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता आधी तेच बघते. आत धरायला दांडे आहेत का, दार बाहेर उघडतं की आत, आत उघडत असेल तर चेअर आत गेल्यावर बंद होतं का.

स्टेज! लोक प्रेक्षकांसाठी रॅम्प शोधतात आणि स्टेज विसरतात, जणू काही व्हीलचेअरवरचा माणूस फक्त ऐकायलाच येणार. स्टेजवर रॅम्पने जाता येत नसेल तर स्टेज वापरूच नका, सगळे खाली समान पातळीवर बसा.

बसायची व्यवस्था: व्हीलचेअरच्या मोकळ्या जागा दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, सगळ्या शेवटच्या रांगेमागे नकोत, आणि शेजारी साधी खुर्ची असू द्या म्हणजे बरोबर आलेला मित्र शेजारी बसेल. कर्णबधिर लोकांसाठी पुढे जागा, जिथून इंटरप्रिटर, वक्ता आणि स्क्रीन एका नजरेत दिसतात. बाहेर एखादी शांत खोली मिळते का विचारा, आवाज आणि गर्दी सहन न होणाऱ्यांना, ऑटिझम असलेल्या लोकांना, मध्येच उठून तिथे बसता येतं.

साउंडवाल्याला विचारा की हॉलमध्ये इंडक्शन लूप आहे का. हिअरिंग एडमध्ये टी स्विच असेल तर लूपमुळे माइकचा आवाज थेट मशीनमध्ये येतो, आजूबाजूचा गोंगाट येत नाही.

सावधान: लिफ्ट असली तरी आग लागल्यावर ती वापरायची नसते. वरच्या मजल्यावरचा हॉल घेताय तर लिफ्ट बंद असताना व्हीलचेअरवरचा माणूस खाली कसा येणार याचं लेखी उत्तर मिळायला हवं. नसेल तर तळमजल्याचा हॉल शोधा.

तपासणी: पार्किंग, दार, टॉयलेट, स्टेज, बाहेर पडायचा मार्ग, पाचही प्रत्यक्ष पाहिले? मगच ॲडव्हान्स द्या.

## ४. इंटरप्रिटर आणि कॅप्शन, वक्त्याच्या आधी

हे ऐकायला विचित्र वाटेल पण तारीख इंटरप्रिटरच्या सोयीने ठरवा. चांगले वक्ते बरेच असतात, सामाजिक विषयावर बोलणं नीट पोचवणारे प्रशिक्षित साइन लँग्वेज इंटरप्रिटर कमी असतात आणि त्यांचे दिवस लवकर भरतात. हॉलच्या मोकळ्या दोन-तीन तारखा हातात घ्या, इंटरप्रिटरना विचारा, आणि त्या तारखा घेऊन वक्त्याकडे जा.

दोन इंटरप्रिटर हवेत. एकाने भागवू असं म्हणणारे फार भेटतात. सलग साइन करताना साधारण १५ ते २० मिनिटांनी डोकं थकायला लागतं, वाक्यं गळायला लागतात आणि ते ऐकू येणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही, म्हणून दोघं आलटून पालटून करतात आणि जो साइन करत नाही तो दुसऱ्याला सुटलेला शब्द पुरवतो.

साइन लँग्वेज जगभर एकच नाही हेही लक्षात घ्या. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजी बोलतात पण तिथल्या साइन लँग्वेज इतक्या वेगळ्या आहेत की एकीच्या माणसाला दुसरी कळत नाही. बाहेरचा कर्णबधिर वक्ता येणार असेल तर तो कोणती भाषा वापरतो ते आधी विचारा. आणि कर्णबधिर-अंध व्यक्ती येणार असेल तर त्यांच्यासाठी हातावर स्पर्शाने साइन करणारे इंटरप्रिटर वेगळे लागतात, स्टेजवरचे दोघं ते करू शकत नाहीत.

कोणाच्या तरी बहिणीला साइन येते, शाळेतले सर करतील, असं करू नका. घरच्या माणसाला कार्यक्रम ऐकू द्या.

कॅप्शनचं वेगळं बघावं लागतं, कारण ऐकू न येणारे सगळेच साइन वापरत नाहीत. मोठेपणी ज्यांचं ऐकणं कमी झालं त्यांना साइन येत नसते, त्यांना वाचायला लागतं. माणसाने टाइप केलेले लाइव्ह कॅप्शन सगळ्यात चांगले. ऑटोमॅटिक कॅप्शनवर जायचंच असेल तर वक्त्याच्याच आवाजात, त्याच माइकवर, दहा मिनिटं टेस्ट घ्या, मराठीत मध्येमध्ये इंग्रजी मिसळून बोललं की ते फार गडबडतात, माणसांची नावं आणि कायद्याचे शब्द तर हमखास चुकतात, कधीकधी ‘हक्क नाही’ मधला ‘नाही’ च गायब होतो आणि अर्थ उलटा.

सावधान: साइन आहे म्हणून कॅप्शन नको, किंवा कॅप्शन आहे म्हणून साइन नको, असं होत नाही. दोन्ही वेगळ्या लोकांसाठी आहेत.

## ५. वक्त्याशी काय बोलायचं

पहिली पसंती अपंगत्वाचा स्वतःचा अनुभव आणि विषयाचा अभ्यास दोन्ही असलेल्या वक्त्याला. पण मग त्यांना ‘तुमचा प्रवास सांगा’ एवढंच सांगून बोलावू नका. संशोधकाला संशोधनावर बोलू द्या, वकिलाला कायद्यावर. स्वतःच्या आयुष्यातलं किती सांगायचं ते त्यांचं ते ठरवतील.

मानधन आधी सांगा, लिहून द्या. सामाजिक काम आहे म्हणून फुकट बोलावणं आणि मंडपवाल्याला पूर्ण पैसे देणं, हा अन्याय मी खूप वेळा पाहिलाय. मदतनीस बरोबर येणार असेल तर त्याचा प्रवास आणि राहणं आयोजकांकडे.

मग वक्त्याकडून कार्यक्रमाच्या किमान आठवडाभर आधी स्लाइड्स किंवा मुद्दे मागून घ्या आणि इंटरप्रिटर व कॅप्शनवाल्यांना द्या, नावं आणि खास शब्दांची यादी जोडून. वक्ता म्हणेल मी उत्स्फूर्त बोलतो. चालेल, पण नावं, कायदे आणि दोन-तीन मुख्य उतारे तरी द्यायलाच सांगा.

## ६. आमंत्रण आणि नोंदणी

पोस्टर इमेज म्हणून ग्रुपवर टाकलं की अंध माणसाच्या फोनमध्ये स्क्रीन रीडर बरेचदा फक्त ‘इमेज’ एवढंच बोलतो. त्यामुळे पोस्टरमधला सगळा मजकूर, तारीख, वेळ, पत्ता, विषय, मेसेजमध्ये टाइप करून टाका. मराठीत अजून एक खास घोळ आहे, कित्येक जण अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर बनवतात, डोळ्यांना छान मराठी दिसतं आणि स्क्रीन रीडर मात्र अर्थहीन अक्षरं वाचत सुटतो. आमंत्रण, फॉर्म, हँडआउट सगळं युनिकोडमध्येच हवं.

आमंत्रणात ‘हॉल सुगम्य आहे’ असं मोघम लिहू नका. काय आहे आणि काय नाही ते लिहा: मुख्य दाराला पायरी नाही, टॉयलेट तळमजल्यावर, दोन इंटरप्रिटर, लाइव्ह कॅप्शन, लूप नाही, शांत खोली आहे. नाही ते लिहायला लाजू नका, माणूस घरातून निघायच्या आधी ठरवू शकतो, येऊन परत जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

नोंदणी फॉर्ममध्ये ‘तुम्हाला कोणतं अपंगत्व आहे’ विचारू नका, प्रमाणपत्र मागू नका. ‘कार्यक्रमात नीट सहभागी व्हायला तुम्हाला काय लागेल’ एवढा एक प्रश्न, उत्तराला मोकळी जागा, आणि कोणत्या तारखेपर्यंत कळवायचं ते. फॉर्म भरता येत नसेल त्याच्यासाठी फोन आणि मेसेज दोन्ही द्या, नुसता फोन नको, कर्णबधिर माणूस फोन कसा करेल. मदतनिसाला वेगळं तिकीट लावू नका.

तपासणी: जो फॉर्म बनवलात तो स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका माणसाकडून भरून घेतला? ‘सबमिट’ बटणापर्यंत तो पोचला?

## ७. स्लाइड्स आणि हँडआउट

अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको, एका स्लाइडवर थोडाच मजकूर. अक्षर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट (गडद-फिक्यातला फरक) किमान ४.५ ला १, फोटोवर मजकूर टाकला की हे नेहमी बिघडतं. फक्त रंगाने काही सांगू नका, ‘लाल भाग बघा’ म्हटलं तर रंग नीट न दिसणाऱ्याला काय बघायचं कळत नाही. चमकणारे व्हिडिओ काढून टाका, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झगमगणारं दृश्य काही लोकांना फिट आणू शकतं.

हँडआउट स्कॅन केलेली पीडीएफ नको, ती म्हणजे फोटोच. टाइप केलेली फाइल एक दिवस आधी नोंदणी केलेल्यांना पाठवा.

## ८. आदल्या दिवशी तालीम

दिवे लावून, स्लाइड लावून, इंटरप्रिटर उभे करून. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. एका कार्यक्रमात स्लाइड नीट दिसाव्यात म्हणून कोणीतरी सगळे दिवे घालवले आणि इंटरप्रिटर अंधारात गेली, पुढच्या रांगेतल्या लोकांचं दहा-बारा मिनिटांचं भाषण गेलं, नंतर ते भरून काढायला काही मार्गच नव्हता. इंटरप्रिटरवर स्वतंत्र दिवा हवा, मागे साधा, एकरंगी पडदा, आणि त्यांच्यापुढून कोणी फोटो काढायला जाणार नाही हे फोटोग्राफरला आधीच सांगा.

माइक बसलेल्या उंचीला खाली येतो का बघा. वायरी जमिनीवर मोकळ्या असतील तर चिकटपट्टी लावा, पांढरी काठी आणि चाकं दोन्ही त्यात अडकतात. इलेक्ट्रिक चेअर चार्ज करायला सॉकेट कुठे आहे ते स्वयंसेवकांना माहीत हवं.

स्वयंसेवकांना तीनच गोष्टी शिकवा, पण नीट. न विचारता कोणाला धरायचं नाही, चेअर ढकलायची नाही. अंध माणसाला हात ओढून नेत नाहीत, आपला कोपर पुढे करतात आणि तो धरतो. बोलायचं ते त्या माणसाशी, त्याच्या मदतनिसाशी किंवा इंटरप्रिटरशी नाही.

## ९. प्रत्यक्ष कार्यक्रम

सुरुवातीलाच सूत्रसंचालकाने सांगावं की टॉयलेट कुठे, शांत खोली कुठे, मध्ये उठलं तरी चालतं. वक्त्याने स्लाइडवर जे आहे ते तोंडाने सांगायचं, ‘इथे दिसतंय तसं’ म्हणून पुढे जायचं नाही. चित्र असेल तर दोन वाक्यात वर्णन.

वेग हा मोठा प्रश्न. वेळ संपत आली की वक्ता पळायला लागतो आणि इंटरप्रिटर, कॅप्शन दोन्ही मागे पडतात. पुढच्या रांगेत एक माणूस बसवा, ‘हळू’ लिहिलेलं कार्ड दाखवायला, आणि वक्त्याला ते आधीच सांगून ठेवा म्हणजे राग येणार नाही. वक्त्याला कार्ड दिसत नसेल तर खूण आधी ठरवा, टेबलावर टकटक वगैरे.

भाषण तासाभराचं असेल तर मध्ये पाच-दहा मिनिटं थांबा, आणि ती वेळ कार्यक्रमपत्रिकेत धरा.

## १०. प्रश्नोत्तरं

मेहनतीने केलेली सगळी सोय इथे कोलमडते. कोणीतरी उठतो, माइक नको, माझा आवाज मोठा आहे म्हणतो. नाही. माइकशिवाय प्रश्न घ्यायचाच नाही, कारण लूप, कॅप्शन, रेकॉर्डिंग सगळं माइकवर चालतं. माइक लोकांपर्यंत न्या, लोकांना माइकपर्यंत बोलावू नका. एका वेळी एकच जण, बोलण्याआधी नाव सांगून, म्हणजे न दिसणाऱ्यालाही कोण बोलतंय कळतं. चिठ्ठीवर आणि फोनवर मेसेज करूनही प्रश्न घ्या, अडखळत बोलणाऱ्यांना आणि गर्दीत न बोलू शकणाऱ्यांना तोच मार्ग असतो.

कोणी हळू किंवा अस्पष्ट बोलत असेल तर त्यांचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. कळलं नाही तर ‘पुन्हा सांगाल का’ म्हणायचं, कळल्यासारखी मान हलवायची नाही. पहिले दोन-तीन प्रश्न अपंगत्व असलेल्या श्रोत्यांचे घ्या, नाहीतर माइक कायम त्याच त्या लोकांकडे जातो.

आणि सूत्रसंचालकाने थांबवायची तयारी ठेवावी. ‘तुम्हाला हे कसं झालं’, ‘लग्न झालंय का’, ‘अमुक उपचार करून बघितले का’ असे प्रश्न येतात, चांगल्या मनाने येतात, तरी ते या सभेचे नाहीत. ‘आपण विषयाकडे येऊ’ एवढं शांतपणे म्हणून पुढचा प्रश्न घ्या, वक्त्यावर उत्तर द्यायची वेळ आणू नका.

## ११. नंतरचं काम

रेकॉर्डिंग टाकण्याआधी फ्रेममध्ये इंटरप्रिटर आहे का ते बघा, कॅमेरावाला बरेचदा फक्त वक्त्यावर झूम करून ठेवतो, म्हणून हे त्याला तालमीतच सांगा. कॅप्शन माणसाने वाचून दुरुस्त केलेले हवेत आणि सोबत पूर्ण भाषणाची टाइप केलेली प्रत. हे होईपर्यंत व्हिडिओ टाकू नका, दोन आठवडे उशीर झाला तरी चालेल, आधी टाकला की दुरुस्ती राहूनच जाते.

आलेल्यांना विचारा काय अडलं, आणि जे नोंदणी करून आले नाहीत त्यांना तर नक्की विचारा, बरेचदा खरी अडचण त्यांच्याकडूनच कळते: बसला पायरी होती, मदतनीस मिळाला नाही, पत्ता सापडला नाही. ती उत्तरं, हॉलची मापं, इंटरप्रिटरचे नंबर, झालेला खर्च, सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या टीमला पहिल्या मीटिंगच्या आधी द्या.